वॉशर टाकून कॅम पचत नाही

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. नागपूरजवळच्या हिंगण्याचा तरुण, जुनी मारुती झेन, ९९३ सीसी, आठ व्हॉल्व्ह, कार्बोरेटरवाली. कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह (इंजिनच्या झडपा) उघडणारा उंचवट्यांचा दांडा, घासून आणला. व्हॉल्व्हची लिफ्ट, म्हणजे तो किती उचलला जातो, आधी ८ मिलिमीटर होती, आता ९.६ भरते. ड्युरेशन, म्हणजे इंजिनच्या फेऱ्यात तो किती अंश उघडा राहतो ते, मात्र होतं तेवढंच, २४० अंश, ठेवलं. व्हॉल्व्ह बंद करणाऱ्या स्प्रिंगा जुन्याच. खालून गाडी झकास ओढते, पण वरून लावलेल्या टॅकोमीटरचा (इंजिनचे मिनिटाचे फेरे दाखवणाऱ्या यंत्राचा) काटा ६२०० च्या पुढे गेला की हेडमधून, म्हणजे व्हॉल्व्ह असलेल्या इंजिनच्या वरच्या भागातून, फडफड ऐकू येते आणि गाडीतला जीव गेल्यासारखा वाटतो. मिस्त्री म्हणतो, प्रत्येक स्प्रिंगखाली एक मिलिमीटरचा वॉशर टाक. मित्र म्हणतो, डबल स्प्रिंग मागव, सगळ्यात कडक असेल ती. आणि तू विचारतोस, काका, कुणाचं ऐकू?

दोघांचंही नको. तुला नवीन स्प्रिंग लागणार आहे हे खरं, पण ती कडक हवी म्हणून नव्हे, मापाची हवी म्हणून. माप कसं काढायचं ते आता सविस्तर सांगतो. रविवारी तू हेड पोत्यात गुंडाळून माझ्याकडे घाट रोडला आणलंस तेव्हा आपण घेतलेले आकडेच इथे वापरतो. हे आकडे तुझ्या हेडचे आहेत. दुसऱ्या कुणी ते उचलून आपल्या गाडीला लावू नयेत.

स्प्रिंगचं काम काय, इथून सुरुवात करू, कारण गैरसमज इथेच आहे. कॅम व्हॉल्व्हला फक्त ढकलू शकतो, ओढू शकत नाही. व्हॉल्व्ह उघडताना कॅम त्याला वेग देतो. तो वेग मारून व्हॉल्व्हला परत फिरवायचं काम स्प्रिंगचं. तिनं वेळेत फिरवलं नाही तर रॉकर, म्हणजे कॅमचा धक्का व्हॉल्व्हला पोचवणारा हात, कॅमवरून सुटतो, व्हॉल्व्ह क्षणभर आपल्याच मस्तीत हवेत राहतो आणि मग सीटवर, म्हणजे त्याच्या बसायच्या कड्यावर, आपटतो. तू ऐकतोयस ती फडफड ही.

गतिरोधकाचं उदाहरण घे. हळू गेलास तर चाक उंचवट्याला चिकटून वर चढतं आणि चिकटूनच खाली उतरतं. जोरात गेलास तर चाक माथ्यावरून उडतं. आता आपल्याकडे एका रात्रीत उगवतात तसा एखादा गतिरोधक, रुंदी तेवढीच पण उंची वाढवलेली. तोच वेग ठेवलास तरी आता जास्त उडशील. तू कॅमला नेमकं हेच केलंस. रुंदी म्हणजे ड्युरेशन तेच ठेवलंस आणि उंची ८ ची ९.६ केलीस. घासून देणाऱ्यानं तुला सांगितलं असेल की ड्युरेशन वाढवलं नाही, आयडलिंग खराब होणार नाही, गाडी रोजच्या वापराला चांगली राहील. खोटं नाही ते. पण त्याचं बिल स्प्रिंगच्या नावावर फाटलं.

किती फाटलं, ते बघू. खरा कॅम साध्या साइन वक्रासारखा नसतो, पण ढोबळ अंदाजाला तो वक्र धरायला हरकत नाही. इंजिन ६५०० आरपीएमवर (मिनिटाला फेरे) असताना कॅम त्याच्या निम्म्यानं, ३२५० नं फिरतो. जुन्या ८ मिलिमीटरच्या नाकावर, म्हणजे कॅमच्या उंचवट्याच्या टोकावर, व्हॉल्व्हला परत फिरवायला गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ४२५ पट त्वरण लागत होतं. नव्या ९.६ ला, तेवढ्याच ड्युरेशनमध्ये, ५१० पट लागतं. लिफ्ट वीस टक्के वाढली, मागणीही वीस टक्के वाढली. व्हॉल्व्ह, स्प्रिंगवरची प्लेट, ती दांड्याला अडकवणारा कॉटर, रॉकरचा व्हॉल्व्हकडचा वाटा आणि स्प्रिंगच्या स्वतःच्या वजनाचा एक तृतीयांश मिळून आपण ११० ग्रॅम धरले होते. म्हणजे पूर्वी ६५०० ला ४७ किलोच्या आसपास जोर पुरत होता, आता ५६ लागतो. आणि हे वेगाच्या वर्गानं वाढतं. ६००० ला ४८ किलो, ७००० ला थेट ६५. म्हणून शेवटचे पाचशे आरपीएम महाग पडतात.

आता स्प्रिंग किती देते? तिचं वजन मोजायचं यंत्र मोठ्या मशीन शॉपमध्ये असतं. माझ्याकडे खांबाचं ड्रिल मशीन आहे आणि कळमन्यात संत्र्याच्या पेट्या तोलायचा इलेक्ट्रॉनिक काटा आहे, शंभर किलोपर्यंतचा, एका व्यापाऱ्याकडून जुना घेतलेला. काट्यावर लोखंडी पाटी, पाटीवर स्प्रिंग, मधून जुन्या व्हॉल्व्हच्या दांड्याचा तुकडा, म्हणजे स्प्रिंग उडून डोळ्यात जाणार नाही. चष्मा तरीही लावायचाच. ड्रिलच्या स्पिंडलला सपाट ठोकळा लावून हँडल खाली दाबायचं, व्हर्नियरनं उंची बघायची, काट्यावर वजन वाचायचं. तू हँडल धरलं होतंस तेव्हा आठवत असेल, पहिल्या दोनदा आकडे पळत होते. एकदा पूर्ण दाबून सोडल्यावर तिसऱ्यापासून स्थिर झाले. नेहमीच तसं होतं. पहिलं वाचन कधीच लिहून ठेवायचं नाही.

तू आणलेली एक नवी स्प्रिंग ४० मिलिमीटर उंचीवर २२ किलो देत होती, आणि तिथून ८ मिलिमीटर दाबली की ५०. म्हणजे मिलिमीटरमागे साडेतीन किलो. या स्प्रिंगेचे वेढे एका टोकाला जवळजवळ आहेत, त्यामुळे हा रेट सरासरीचा समज, पण आपल्या कामाला पुरे. ९.६ दाबली तर ५५.६ किलो. लागतात ५६. म्हणजे कोऱ्या करकरीत स्प्रिंगेनंसुद्धा तू ६५०० ला काठावरच होतास.

पण तुझ्या हेडवर कोऱ्या नाहीत. दोन ठिकाणी तुझा तोटा झालाय. पहिलं, जुन्या स्प्रिंगा थकून बसल्यात. कोऱ्या स्प्रिंगेशेजारी उभ्या केल्या तेव्हा जवळपास अर्ध्या मिलिमीटरनं बुटक्या दिसल्या. थकलेल्या स्प्रिंगेचा रेट कमी होत नाही, तार तीच आणि वेढे तेवढेच असतात. तिची मोकळी उंची कमी होते आणि प्रत्येक उंचीवर वजन दीड-दोन किलोनं उतरतं. दुसरं जास्त महत्त्वाचं आहे आणि त्याकडे कुणीच बघत नाही. कॅमसोबतच तू सीट कटिंग करून घेतलंस. सीट कापली की व्हॉल्व्ह आत बसतो, दांडा वर निघतो, त्याच्यासोबत प्लेट वर जाते आणि स्प्रिंगला राहायला जागा जास्त मिळते. आपण आठही ठिकाणी स्प्रिंगेची बसलेली उंची मोजली, ४० च्या जागी सरासरी ४०.६ आली. सहा दशांश म्हणजे काय मोठं, असं वाटतं. साडेतीनानं गुणलं की दोन किलो गेले.

तर हिशेब असा झाला: बंद असताना २२ च्या जागी साडेअठरा, पूर्ण उघडताना ५५.६ च्या जागी ५२. आणि ५२ किलोत तुझा कॅम ६२५० च्या आसपासच सांभाळता येतो. तू टॅकोमीटरवर ६२०० वाचलंस. ढोबळ हिशेब इतका जवळ यावा हा थोडा योगायोग आहे, मी त्याची फुशारकी मारणार नाही. दिशा मात्र चुकलेली नाही.

एक शंका मात्र आधी फेडून घे. ६२०० ला गाडी मरते म्हणजे दरवेळी स्प्रिंगच असते असं नाही. कार्बोरेटरचा फ्लोट रिकामा होत असेल, कॉइल दमत असेल, तरी ओढ जाते. पण तेव्हा हेडमधून आवाज येत नाही. आणि हेड उघडल्यावर पुरावा दिसतो: कॉटरच्या खोबणीत घासल्याची तांबूस भुकटी, सीटवर आपटल्याची चकाकणारी दुहेरी पट्टी. तुझ्या दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या इनटेकला (हवा आत घेणाऱ्या व्हॉल्व्हला) दोन्ही होतं. त्यामुळे माझ्या मनात शंका उरली नाही.

आता मिस्त्रीचा वॉशर. वॉशरची कल्पना मुळात चुकीची नाही. सीट कापल्यामुळे वाढलेली उंची परत जागेवर आणायला शिम, म्हणजे पातळ चकती, घालतातच, तो रीतसर उपाय आहे. एक मिलिमीटरचा वॉशर टाकला की तुझं बंद वजन साडेतीन किलोनं वाढतं, उघडं वजनही तेवढंच. कागदावर छान. पण स्प्रिंगेला खाली दाबायची एक हद्द असते. सगळे वेढे एकमेकांना टेकले की ती स्प्रिंग राहत नाही, लोखंडाचा ठोकळा होतो. आपण तुझी स्प्रिंग व्हाइसमध्ये हळूहळू पूर्ण आवळली तेव्हा २९.८ ला टेकली. ४०.६ मधून २९.८ वजा, उरले १०.८. त्यातून लिफ्ट ९.६ गेली की राहतात १.२ मिलिमीटर. रस्त्यावरच्या गाडीला मी एवढी मोकळीक किमान धरतो, जमलं तर दीड. म्हणजे आज तू कसाबसा सुरक्षित आहेस. त्यात एक मिलिमीटरचा वॉशर टाकला की उरतात ०.२. आणि वर जाताना सगळं अगदी स्थिर राहत नाही, स्प्रिंगेतून लाट जाते, वेढे मागेपुढे होतात. ०.२ म्हणजे ती टेकणारच. टेकली की कॅम, रॉकर, अॅडजस्टिंग स्क्रू आणि टायमिंग बेल्ट यांच्यात जो कमजोर असेल तो जातो.

गंमत अशी की वॉशर टाकून गाडी पहिल्या दिवशी चांगलीच चालते. फडफड खरंच थोडी पुढे सरकते. मिस्त्रीला शाबासकी मिळते. पंधरा दिवसांनी रॉकर तुटला की तो म्हणतो, पोरगं गाडी फार ताणतं.

व्हाइसमध्ये मोजणं पुरेसं नाही, हेडवर पण बघायचं. कॅम बसव, टॅपेट गॅप (रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट) ठेव, हातानं फिरवत एक व्हॉल्व्ह पूर्ण उघड, आणि स्प्रिंगेच्या वेढ्यांमध्ये फिलर गेजची पत्ती सरकव. जवळजवळ असलेले खालचे वेढे टेकलेले दिसतील, त्यांचं ते कामच आहे. बाकीच्या प्रत्येक फटीत पाव मिलिमीटरची पत्ती आरामात जायला हवी. कुठे अडली तर थांब. जुन्या स्प्रिंगेच्या वेढ्यांवर आतल्या कडेला चकाकी दिसली तर ती आधीच टेकत होती समजायचं.

आणि हे आठही ठिकाणी. एकावर मोजून सातावर विश्वास ठेवायचा नाही. हे मला एका जिप्सी गाडीनं शिकवलं. पंधरा-सोळा वर्षं झाली असतील. मोठा कॅम, नव्या स्प्रिंगा, सगळं माझ्या हातानं बसवलेलं. पहिल्या सिलिंडरवर नीट मोजलं, १.३ उरत होतं, खूष झालो. तिसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्टची (धूर बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हची) सीट पूर्वी कुणीतरी बदलली होती आणि ती उंच बसली होती. त्यामुळे व्हॉल्व्ह खाली, प्लेट खाली, आणि स्प्रिंगेची जागा ०.९ नं कमी. मी तिथे बघितलंच नाही. बुटीबोरीच्या अलीकडे, रात्री साडेदहाला, रॉकर दोन तुकडे. मालक शांत माणूस, काही बोलला नाही. मीच ट्रकवाल्याला थांबवून दोरीनं गाडी ओढत आणली. त्या दिवसापासून माझ्या बाकावर वही असते, आठ रकाने आखलेली, आणि एकही रकाना रिकामा असेल तर हेड बाकावरून हलत नाही.

आणखी दोन मोकळिकी राहिल्या. वरच्या प्लेटची खालची बाजू आणि गाईडवरचं (व्हॉल्व्हचा दांडा ज्यातून सरकतो त्या नळीवरचं) ऑइल सील यांच्यात पूर्ण लिफ्टला किती उरतं ते बघ. तुझ्याकडे नवीन सील जरा उंच आलेत, व्हॉल्व्ह बंद असताना अंतर १०.५ भरलं. ९.६ गेली की ०.९ उरतात. चालेल असं वाटतं, पण मला इथेही १.२ हवेत. एकतर जुन्या मापाचे बुटके सील शोध, नाहीतर गाईडचं डोकं थोडं कापून घे. प्लेट सीलवर आदळू लागली की आठवड्याभरात सील फाटतं आणि गाडी निळा धूर सोडायला लागते. मग लोक रिंगा बदलत बसतात. पिस्टन आणि व्हॉल्व्हमधलं अंतर प्लॅस्टिसिननं बघ, मुलांच्या खेळण्यातलं चालतं, त्यावर तेलाचा हात फिरव म्हणजे चिकटणार नाही. पिस्टन वर येताना आणि जाताना, टीडीसीच्या (पिस्टनच्या सगळ्यात वरच्या जागेच्या) आगेमागे दहा-पंधरा अंशांत, व्हॉल्व्ह सगळ्यात जवळ येतो, पूर्ण लिफ्टला नव्हे. इनटेकला २ आणि एक्झॉस्टला २.५ मिलिमीटर उरायला हवेत.

मित्राच्या डबल स्प्रिंगेकडे वळू. त्यानं दाखवलेली जोडी पूर्ण उघडताना ९० किलो देते. तुला लागतात ५६. जास्त दिलं तर काय बिघडलं, असं तू विचारलंस. बिघडतं, आणि जिथे तुला वाटतं तिथे नाही. कॅमच्या नाकावर खरा दाब किती पडतो? स्प्रिंगचा जोर वजा व्हॉल्व्हला परत फिरवायला खर्ची पडलेला जोर. ६५०० ला स्प्रिंगेचा बहुतेक जोर व्हॉल्व्ह आवरण्यातच जातो, नाकावर थोडाच उरतो. आयडलिंगला मात्र काहीच खर्च होत नाही. ९० च्या ९० किलो त्या अरुंद रेषेवर बसतात, आणि तेव्हाच पंपाचा दाब सगळ्यात कमी आणि तेलाचा थर सगळ्यात पातळ. म्हणजे कडक स्प्रिंग तुझा कॅम रेसिंगमध्ये खात नाही. व्हरायटी चौकाच्या सिग्नलला, मे महिन्यात, एसी लावून उभा असताना खाते. तुझ्या रॉकरला रोलर नाही, तो सपाट घासत जातो. शिवाय घासलेल्या कॅमचा वरचा कडक थर आधीच पातळ झालेला असतो. कानसीनं बेस सर्कलच्या (कॅमच्या नाक नसलेल्या गोल भागाच्या) कडेला हलका हात मारून बघ. कानस घसरली तर ठीक, धरली तर तो कॅम कितीही चांगल्या स्प्रिंगेनं वाचणार नाही.

उन्हाळ्याचा विषय निघाला म्हणून. नागपूरकर सगळ्याचं खापर उन्हावर फोडतात, आणि २३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंश नोंदले गेलेत, त्यामुळे खापर फोडायला जागाही आहे. पण स्प्रिंग उन्हानं मरत नाही. ती शंभराच्या वर तापलेल्या तेलात पोहत असते, बाहेर पाच अंश कमी-जास्त तिला कळतही नाहीत. तिला मारतं ते जास्त दाबणं आणि वेढे टेकणं. उन्हाचा खरा परिणाम तेल आयडलिंगला पातळ होण्यात आहे, आणि तो कॅमवर पडतो.

मग हवी कुठली? उलट बाजूनं मोज. ६५०० ला ५६ किलो लागतात, त्यावर पंधरा-सोळा टक्के राखीव ठेव, कारण कॅमचा खरा आकार, गिअर चुकून खाली पडणं, स्प्रिंगेचं वय हे सगळं त्यातूनच भागवायचं आहे. म्हणजे पूर्ण उघडताना ६५. बंद असताना २५, इतकं की व्हॉल्व्ह सीटवरून उसळणार नाही. दोघांतला फरक ४० किलो, लिफ्ट ९.६, म्हणजे रेट मिलिमीटरमागे ४.२ च्या जवळ. उंची शिमांनी सगळीकडे ४० ला आणायची, म्हणजे ती ३०.४ पर्यंत दबेल, आणि १.२ मोकळीक ठेवून ती २९.२ किंवा त्याखाली टेकायला हवी. दुकानात जाऊन रेसिंग स्प्रिंग द्या म्हणू नकोस. एका चिठ्ठीवर लिही: ४० ला २५ किलो, ३०.४ ला ६५ किलो, ठोस उंची २९.२ च्या आत, आतला व्यास आणि बाहेरचा व्यास हा. क्रोम सिलिकॉनची तार मिळाली तर उत्तम, ती उष्णतेत कमी बसते. दुसऱ्या एखाद्या गाडीची स्प्रिंग या चिठ्ठीत बसली तरी चालेल, मी बसवल्यात. फक्त डब्यावरचा आकडा मानू नकोस. आणून काट्यावर ठेव. आठांमध्ये दोन किलोचा फरक मी पाहिलाय, तो शिमांनी भरून काढता येतो, माहीत असेल तर.

शिम म्हणजे कडक पोलादाची चकती, लेथवर कापलेला मऊ वॉशर नव्हे. मऊ वॉशर तुझ्या अॅल्युमिनियमच्या हेडवर कुरतडला जातो आणि त्याचा चुरा थेट तेलात.

पण स्प्रिंग घ्यायच्या आधी दोन गोष्टींचा विचार कर, कारण दोन्ही स्प्रिंगेपेक्षा शहाणपणाच्या आहेत.

पहिली, ९.६ तुला खरंच हवी आहे का? व्हॉल्व्ह स्वतःच्या व्यासाच्या एक चतुर्थांश उचलला की त्याच्याभोवतीची वाट त्याच्या तोंडाएवढी होते. त्यापुढे अडथळा पोर्टचा, म्हणजे हेडमधल्या हवेच्या वाटेचा, असतो, लिफ्टचा नसतो. तुझा इनटेक ३६ चा धरला तर ९ मिलिमीटरला ही रेघ येते. पोर्टला तू हात लावलेला नाहीस, कार्बोरेटर मूळचाच आहे. शेवटच्या सहा दशांशांतून तुला फार काही मिळत नाहीये, पण स्प्रिंगेची मोकळीक मात्र तेच खातायत. मी असतो तर ९ वर थांबलो असतो. आता कॅम घासून झाला, त्याला इलाज नाही.

दुसरी, ड्युरेशन. पुन्हा कधी कॅम करशील तेव्हा २४० ऐवजी २५६ माग. सोळा अंश रुंदी वाढली की तेवढ्याच ९.६ लिफ्टला ६५०० वर ५६ किलोच्या जागी ४९ लागतात. सात किलो फुकट सुटले, आणि स्प्रिंग जवळपास मूळचीच पुरते. त्याची किंमत आयडलिंगला मोजावी लागेल, गाडी थोडी लंगडेल, सीताबर्डीच्या गर्दीत दुसऱ्या गिअरला कुरकुरेल. शनिवार-रविवारची गाडी असेल तर मी हाच मार्ग धरीन. रोज हिंगणा एमआयडीसीला ड्युटीला नेत असशील तर तू केलंस तेच बरं, फक्त स्प्रिंगेचा खर्च त्यात धरायला हवा होता. कॅमचा भाव सांगणाऱ्यानं स्प्रिंगेचा भाव सांगितला नाही, ही या धंद्यातली जुनी खोड आहे.

वजन कमी करणं हा तिसरा रस्ता, पण झेनला त्यात हाताशी फार काही लागत नाही. वरून निमुळत्या स्प्रिंगा, ज्यांना बीहाइव्ह म्हणतात, त्यांची प्लेट लहान आणि हलकी असते. व्हॉल्व्हकडचे दहा ग्रॅम वाचले तर तुझ्या हिशेबात ६५०० ला पाच किलो वाचतात. मिळाल्या तर घे. रॉकर ग्राइंडरवर घासून हलके करायला जाऊ नकोस, एवढं ऐक.

बसवताना एक चूक नागपुरात मी दर महिन्याला बघतो. स्प्रिंगेचे जवळजवळ वेढे खाली, हेडच्या बाजूला यायला हवेत. उलटी बसली तर ते जड टोक व्हॉल्व्हसोबत वरखाली हलतं आणि तू विकत घेतलेली राखीव ताकद तिथेच वाया जाते. नव्या स्प्रिंगेचे वेढे दोन्हीकडे सारखे असतील तर हा प्रश्न नाही.

चालू करताना नाकावर आणि रॉकरच्या पॅडवर असेंब्ली पेस्ट लाव, साधं इंजिन ऑइल नको. गाडी पहिल्यांदा सुरू झाली की आयडलिंगला सोडायची नाही. लगेच २००० ते २५०० वर धर आणि वीस मिनिटं तिथेच ठेव, थोडं वरखाली करत. म्हणून आधी कार्बोरेटरमध्ये पेट्रोल भरून घे, टायमिंग पक्कं कर, रेडिएटरमध्ये पाणी बघ. सुरू होत नाही म्हणून दहा वेळा स्टार्टर मारत बसलास तर नवा कॅम तिथेच खरवडतो. वीस मिनिटांनी बंद कर, गार होऊ दे, ऑइल आणि फिल्टर बदल. काढलेलं ऑइल पांढऱ्या फडक्यावर ओतून उन्हात धर. थोडी करडी झाक चालते. चमचमणारे कण दिसले तर कव्हर उघड आणि नाकं बघ.

तुझ्या कार्बोरेटरच्या गाडीला आरपीएम कापणारं काही नाही, तेव्हा ६५०० ची हद्द तुझ्या पायातच आहे. टॅकोमीटरवर लाल टेपची पट्टी लाव. नव्या स्प्रिंगेनं हिशेबात गाडी ७००० च्या काठापर्यंत जाईल, पण ते ५०० आरपीएम मी तुला वापरायला दिलेले नाहीत. आणि तपासायला समृद्धी महामार्गावर जाऊ नकोस. तिथे १२० ची मर्यादा आहे, आणि दुसऱ्या गिअरला ६५०० गाठायला त्याच्या निम्म्या-पाऊण वेगातच भागतं.

पाचशे किलोमीटर झाले की गार इंजिनवर आठही टॅपेट गॅप पुन्हा मोज. नव्यानं कापलेल्या सीटवर व्हॉल्व्ह थोडा आणखी बसतो, त्यामुळे गॅप जरासा कमी झालेला सापडतो, तेवढं चालतं. पण एखादा गॅप वाढलेला सापडला, तर त्याच नाकाचं लोखंड जातंय. मग फोन कर, आणि हेड पुन्हा पोत्यात गुंडाळून आण. येताना वहीतले ते आठ आकडेही घेऊन ये.